जाणाऱ्या गाड्यांची खिडकी

तर ते वटवाघूळ विहीणबाईंच्या अंबाड्याला घासून गेलं, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. पुढचं ऐका.

आम्ही तिन्ही मर्द अंगणात. जावई समीर मोटारीच्या आड. व्याही अरविंदराव मोटारीच्या आत, काचा वर करून. मी आंब्याखाली, म्हणजे पळायला बरं पडेल अशा जागी. आणि विहीणबाई एकट्या त्या अंधाऱ्या खोलीत, पदर खोचून, हातात खराटा घेऊन. वटवाघूळ काय एकच होतं? आढ्याला उलटी टांगलेली पूर्ण बारात होती. बाईंनी खराटा जमिनीवर आपटला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चला, खिडकी बंद झाली! उद्या या."

आणि गेली की हो. दारातून, एकामागून एक, लायनीनं. धक्काबुक्कीसुद्धा नाही.

काल जे नव्हते, त्यांना आधी माणसं सांगतो, नाहीतर आमची नात आर्या म्हणते, आजोबा, तुमच्या गोष्टीत लोक न विचारता घुसतात. तर प्रमोदिनीबाई म्हणजे माझ्या मधुरिमाची सासू, माझ्या विहीणबाई. मी बेटम्याजवळच्या खेड्यातला. चौथीपर्यंत गावच्या शाळेत होतो, पुढचं शिक्षण बैलांनी केलं. त्या पक्क्या इंदूरकर. त्यांच्या सासरचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे अरविंदराव छाती फुगवून सांगतात. कुठल्या लढाईत होते विचारलं की छाती थोडी खाली येते आणि म्हणतात, रसदीवर होते. ते मात्र मला शंभर टक्के पटतं. त्या घराण्यात रसद आजतागायत तुटलेली नाही. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी सगळ्यावर शेव, संध्याकाळी राजवाड्यावरून पायी सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत. दिवसा तिथं लोक सोनं घेतात, हे अरविंदरावांना लग्नाच्या वेळी कळलं.

प्रमोदिनीबाई बस स्टँडवर नोकरीला होत्या. चौकशीच्या दोन खिडक्या होत्या. एक जाणाऱ्या गाड्यांची, एक येणाऱ्या. ह्या जाणाऱ्या गाड्यांच्या खिडकीवर. सगळी नोकरी त्याच खिडकीत गेली. भोंगा बिघडला तरी काही अडत नसे, कारण बाईंचा आवाज असा की फलाटाच्या त्या टोकाला झोपलेला माणूस उठून गाडीत बसायचा. मग त्याला जायचं असो वा नसो. आणि कुणी चुकून विचारलं, "बहेनजी, खरगोन वाली कब आएगी?" तर मान वर न करता उत्तर, "आने वाली, बाजू की खिड़की." समोर म्हातारा असो, हवालदार असो, खुद्द अरविंदराव डबा घेऊन आलेले असोत. बाजूची खिडकी म्हणजे बाजूची खिडकी.

गंमत बघा. अख्ख्या मालव्याला आणि निमाडला गाडीत बसवणारी ही बाई स्वतः एका खेपेवाचून कुठल्याच गाडीत बसली नाही. मानपूर, गुजरी, धामनोद, खलघाट, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा. गावं अशी तोंडपाठ, जशी दुसऱ्या बायांना आरती. पण जायचं कसं? अरविंदरावांना मुक्काम सोसत नाही. लग्नानंतर एकदा दोघं महेश्वरला गेले होते. नदीवर बसले, घाट बघितला, मग अरविंदरावांनी कचोरी खाल्ली. ती मऊ निघाली. दुपारच्या गाडीनं परत.

आता ते घर. मानपूरच्या पुढं रस्ता सोडून डोंगरात चढलं की आंबाझर नावाची वस्ती लागते. तिथं माथ्यावर विहीणबाईंच्या वडलांनी दोन खोल्यांचं दगडी घर बांधलं होतं. एक स्वयंपाकाची खोली, एक निजायची, वर कवेलू, म्हणजे नळीची कौलं, आणि मागं सरळ दरी. वडील गेले. भावाला घर नको होतं, त्यानं बहिणीला देऊन टाकलं. बहिणीला जाता येईना. मग वटवाघळांना आलं.

एका संध्याकाळी जेवताना विहीणबाई म्हणाल्या, "मला आंबाझरला राहायला जायचंय."

अरविंदरावांचा शेवेचा चमचा हवेतच थांबला. "किती दिवस?"

"दिवस नाही. राहायला."

"आणि मी?"

"तुम्ही पण चला."

"तिथं सराफा आहे का?"

"नाही."

"मग मला कशाला बोलावतेस? अंत्यसंस्काराला?"

सगळे हसले. समीर पण हसला. समीर पीथमपूरच्या कारखान्यात मोठा इंजिनीअर आहे, माणूस सोन्यासारखा, पण सगळं त्याला मीटिंगसारखं ठरवायला लागतं. त्याच्या ओळखीचा एक विपुल म्हणून आहे. डोंगर दिसला की तिथं रिसॉर्ट दिसणारा. तो त्या जागेच्या मागं आधीपासून लागला होता. समीर म्हणाला, "आई, ते घर पडायला आलंय. हट्ट करू नको. विपुलला देऊन टाकू. वाटलं तर तिथंच एक रूम तुला फ्री मिळेल, सोमवार ते गुरुवार."

"माझ्या घरात मला सोमवार ते गुरुवार?"

त्या आवाजानं शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकला. मग मायलेकांत शर्त ठरली. आखातीजेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्या घरावर पक्कं छप्पर, आणि छपराखाली चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक. झालं तर आई तिथं राहणार, कुणी एक शब्द बोलायचा नाही. नाही झालं तर जागा विपुलला.

विहीणबाई म्हणाल्या, "कबूल. पण माझी पण एक आहे. दर रविवारी सगळ्यांनी यायचं आणि हात लावायचा. नुसतं उभं राहून मिस्त्रीला ओरडायचं नाही. हातानं."

"कबूल," समीर म्हणाला. आईनं किती स्वस्तात सोडलं, असा त्याचा चेहरा झाला होता.

मला काय, बोलावणं नव्हतंच. पण मधुरिमा म्हणाली, "दादा, तुम्ही येता का? तुम्हाला चुना-मातीतलं कळतं." मला चुना-मातीतलं काय कळतं? पण पोहे मिळणार होते. गेलो.

वटवाघळांचं ते सगळं पहिल्याच रविवारी झालं. आता इंदुरी माणूस डोंगरात घर दुरुस्त करायला कसा जातो ते ऐका. पहाटे निघायचं ठरतं. निघतात उन्हं आल्यावर. राऊला पोहे, कारण रिकाम्या पोटी घाट चढू नये. महूला चहा, कारण पोह्यांवर चहा लागतो. मानपूरला कचोरी, कारण पुढं काही मिळणार नाही, असं म्हणत अरविंदराव अशा नजरेनं दुकानाकडे बघायचे जणू आम्ही वाळवंटात चाललोय. वर पोचेपर्यंत डोक्यावर सूर्य. मग जेवायची वेळ. जेवल्यावर आडवं व्हायची. सुरुवातीचे काही रविवार त्या घराची फक्त पायरी दुरुस्त झाली, कारण तिच्यावर बसून खायचं होतं.

विहीणबाई मात्र शनिवारीच पुढं जायच्या. बसनं. पहिल्या शनिवारी बसमध्ये बसल्या तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "माँजी, मानपूर उतरना है ना? मैं बता दूँगा." बाई म्हणाल्या, "बेटा, तू मुझे बताएगा?" मग खलघाटपर्यंतचे सगळे थांबे त्याला ओळीनं ऐकवले. बिचारा उरलेल्या प्रवासात त्यांना विचारून शिटी मारत होता.

आणि सफाईचं काय सांगू! इंदूरच्या माणसाला हल्ली स्वच्छतेची अशी हवा लागलीय की जंगलात गेला तरी आधी पानं गोळा करतो. समीरनं पहिल्याच दिवशी दारात दोन डबे ठेवले. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. वस्तीतले लोक लांबून बघत होते, हा बाबू डब्यांची पूजा मांडतोय का काय. मागच्या दरीत वानरांची टोळी होती, काळतोंडी, हातभर शेपट्यांची. पहिल्या रविवारी त्यांनी दोन्ही डबे उलटे केले. पुढं पुढं शहाणी झाली. निळ्याला हातसुद्धा लावत नव्हती. हिरव्याचं झाकण उघडायची, सालं न्यायची, झाकण लावायची. मला घरी ते अजून जमलेलं नाही.

पण हळूहळू हात लागले बरं का. समीर निजायच्या खोलीच्या भिंतीला लागला. वटवाघळांनी त्या भिंतीवर जे काही केलं होतं, ते इतक्या वर्षांत दगडाइतकं कडक झालेलं. तो आधी नाकाला फडकं, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा असा चंद्रावर निघाल्यासारखा यायचा. मग मोजे गेले. मग चष्मा गेला. शेवटी बनियनवर उकिडवा बसून दगड न् दगड तारेच्या ब्रशनं घासायला लागला. मी म्हटलं, "जावईबापू, बास, चकाकायला लागली." तर म्हणतो, "ह्या कोपऱ्यात अजून आहे." मधुरिमानं मोरी घेतली. जुना चुना छिन्नीनं खरवडला, फरशीला उतार दिला, पाणी ओतलं, पाणी दाराकडे आलं. पुन्हा उखडली. पुन्हा दाराकडे. तिसऱ्यांदा पाणी सुमडीत बाहेर गेलं, तेव्हा माझी पोर मोरीत उभी राहून नाचली. कॉलेजात शिकवते हो ती.

आणि अरविंदरावांनी अंगणात खड्डा खणला. बाफल्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी. त्याला दगडांनी बांधून घेतलं, वाऱ्याला आडोसा केला, राख काढायला तोंड ठेवलं. सगळ्या घरात एवढं मन लावून दुसरं काही बांधलं गेलं नाही.

राहिलं छप्पर.

मानपूरहून लक्ष्मण मिस्त्री आला, त्याची माणसं घेऊन. जुने कवेलू सगळे उतरवले, अंगणात रचले, कुजलेल्या बल्ल्या, म्हणजे वासे, बदलल्या. मग लक्ष्मणनं त्यांच्याकडची रीत सांगितली. "बाई साब, कवेलू चढाना यानी एक दिन का काम. सुबह वळचणीपासून सुरू, सांजेला मगरी बंद." मगरी म्हणजे वरचं आढं, जिथं दोन्ही उतार मिळतात. "मगरी बंद होय तब तक पंगत नी. गुड-चणा, पानी, बस. बीच में उतरे, तो बंदर चढे."

"समजलं," विहीणबाई म्हणाल्या. "मी पण मगरी बंद झाल्यावरच जेवेन."

समजलं नाही ते अरविंदरावांना. म्हणजे कानांनी ऐकलं, पण आत जाईना. भर उन्हात छपरावर माणसं काम करतायत आणि खाली हा माणूस स्वस्थ बसलाय, हे त्यांच्या सात पिढ्यांत झालेलं नव्हतं. मुठीतले चणे खाणारा लक्ष्मण बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला म्हणाले, "मालोजीराव, हे बरं नाही. शाप लागेल."

"रीत आहे त्यांची."

"उपाशी ठेवायची कसली रीत? मी फक्त आणून ठेवतो. खायचं तर खातील."

विहीणबाई खाली झऱ्यावर पाणी आणायला गेल्या होत्या. हातपंपाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तेवढ्यात अरविंदरावांनी डाव साधला. खड्ड्यात गोवऱ्या आधीच लाल झालेल्या. बाफले निघाले. एकेक फोडून तुपाच्या पातेल्यात बुडवला. नुसता बुडवला नाही, धरून ठेवला, जसा काही पोहायला शिकवतायत. वर डाळ, बाजूला चुरम्याचे लाडू. तो वास वर मगरीपर्यंत गेला.

पहिला कोण उतरला? लक्ष्मण. रीत सांगणारा.

"बाबूजी को बुरा लगेगा," एवढंच म्हणाला आणि मांडी घालून बसला. मग सगळे उतरले. समीर, मधुरिमा पण. आणि ज्यानं बाफले खाल्लेत त्याला वेगळं सांगायला नको, ते पोटात जातात आणि झोप होऊन डोळ्यांतून बाहेर येतात. बघता बघता अंगण रणांगण झालं. लक्ष्मण कवेलूच्या ढिगाला टेकून, समीर मोटारीच्या सावलीत, अरविंदराव स्वतः खड्ड्याशेजारी, हातात झारा तसाच. मला डॉक्टरनं तूप बंद केलंय, त्यामुळं मी साध्या डाळीबरोबर गुड-चणे खाऊन आंब्याखाली रुसून बसलो होतो. म्हणून हे सगळं बघायला मीच उरलो.

एक वानर आलं. छपरावर बसलं. एक कवेलू उचलला, उलटा केला, आत बघितलं. टाकला. फुटला. आवाज त्याला आवडला. त्यानं दुसरा टाकला. मग टोळी आली. अहो, काय एकेकाचा उत्साह! एक म्हातारं वानर तर लक्ष्मणसारखंच कंबरेवर हात ठेवून बाकीच्यांचं काम बघत होतं. मी ओरडलो. माझ्याकडे एकानं कवेलू फेकला. मी गप्प बसलो.

तेवढ्यात विहीणबाई वर आल्या. डोक्यावर घागर. एक नजर छपरावर, एक नजर अंगणात. घागर खाली ठेवली. पदर खोचला, शिडी चढल्या, अर्ध्यावर थांबल्या, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि पोटातून जो आवाज काढला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"यात्रीगण ध्यान दें! मानपूर, गुजरी, धामनोद, खलघाट, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा जाने वाली गाड़ी फलाट पर लग चुकी है! गाड़ी छूटने वाली है!"

दरीतून परत आवाज आला, सेंधवा, सेंधवा.

वानरं जी सुटली! पोरं पोटाशी, शेपट्या वर, सरळ दरीत. एक मागं राहिलं होतं, त्यानं हातातला कवेलू हळूच ठेवला आणि गेलं. आणि खाली? लक्ष्मण दचकून उठला, गठडी काखेत मारली आणि "रोको! रोको!" करत थेट उतारावरून रस्त्याकडे पळाला. मागं त्याची सगळी माणसं. समीर उठला तो मोटारीचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसला. अरविंदरावांनी डोळे न उघडता विचारलं, "अगं, वाटेत खायला काही बांधलंय का?"

मी हसलो. इतका हसलो की आंब्याला धरून उभं राहावं लागलं. मग विहीणबाईंकडे बघितलं आणि हसू गेलं. त्या शिडीवरच बसल्या होत्या. खाली कवेलूंचा खच. त्या एकेक तुकड्याकडे बघत होत्या. अरविंदराव झारा घेऊन शिडीखाली आले.

"प्रमोदिनी, माझं चुकलं का काही?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना जेवायला घातलंत."

ह्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अरविंदरावांनी तिथल्या तिथं शपथ घेतली की आखातीजेपर्यंत सराफ्यात पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. पोराला पाठवून मागवायचे.

आता नवे कवेलू आणायचे कुठून? हल्ली ते कुणी थापत नाही. सगळीकडे टिन. बरं, टिनच घालू म्हटलं, तर मिस्त्री मिळेना. कारण समीरनं मुदत कुठली ठरवली होती? आखातीजेची. इंजिनीअरला हे कळायला नको? आखातीजेच्या आसपास अख्ख्या मालव्यात लग्नंच लग्नं. मिस्त्री, मजूर, टेंपोवाला, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बारातीत. लक्ष्मणला फोन लावला तर मागं बँड वाजत होता. "बाई साब, लाडी बिदा हुई जाय, फेर आऊँ," म्हणाला. कुणाची नवरी आणि किती, देवाला ठाऊक.

मग घरच्यांनीच छप्पर घातलं. शाबूत कवेलू निवडले. ते एकाच खोलीला पुरतील एवढे होते. विहीणबाईंनी स्वयंपाकाची खोली निवडली. समीर वर, मधुरिमा शिडीवर, मी खालून कवेलू देणारा, आणि अरविंदराव वानरांवर पहारा, खिशात गुड-चणे घेऊन. कामाच्या मध्ये कुणी खाल्लं नाही. त्या खोलीची मगरी बंद झाली तेव्हा समीरच्या हातांना फोड आले होते आणि तो ते मोटारीच्या आरशात बघत होता, जणू मेडल आहेत. निजायच्या खोलीवर मात्र ताडपत्री. ताडपत्रीला पक्कं छप्पर म्हणत नाहीत, हे मलासुद्धा कळतं.

आखातीज आली. विपुल पण आला. पांढरे बूट, काळा चष्मा. उतरल्या उतरल्या दरीचा फोटो काढला, घराकडे पाठ करून.

विहीणबाईंनी चूल पेटवली होती. आंब्याचं पन्हं, पुरण, कटाची आमटी, आणि विपुलसाठी वर शेव. सगळे स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून बसलो, कारण छप्पर तेवढंच होतं. विपुलची पाठ दारात, ताडपत्रीखाली. खाणं सुरू झालं तरी समीरचा हात पानात जाईना. शेवटी बोलला.

"आई, पक्कं छप्पर ठरलं होतं."

"हो."

"हे अर्धं आहे."

विहीणबाईंनी पुरणपोळीवर तूप सोडलं. "अर्धंच आहे," त्या म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं. मी कशाला नाही म्हणू? जेव तू."

आवाज अगदी लहान. मी त्या बाईचा एवढा लहान आवाज कधी ऐकला नव्हता. अरविंदरावांनी घास पानात ठेवला. त्यांनी घास खाली ठेवलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आणि विपुल, भला माणूस, धीर द्यायला गेला. "अरे आंटीजी, टेन्शन मत लो. छप्पर आधा हो, पूरा हो, क्या फरक पड़ता है? गिराना तो सब है ही. जेसीबी आएगी, आधे दिन में मैदान साफ."

मधुरिमानं विचारलं, "मोरी पण?"

"मोरी क्या भाभी, यहाँ तो पूल आएगा."

"माझी मोरी पाडून पूल? अहो, पाणी कुठं जातं तिथलं, माहीत आहे तुम्हाला?"

"आणि माझा खड्डा?" अरविंदराव म्हणाले.

"अंकलजी, वहाँ पार्किंग."

"बाफल्यांवर पार्किंग!" अरविंदरावांच्या पूर्वजांनी रसदीवरून जी तलवार कधी उपसली नव्हती, ती त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत दिसली.

समीर उठला. पलीकडच्या खोलीत गेला, भिंतीजवळ उभा राहिला, फोड आलेला तळवा दगडावर टेकवला. मग तिथूनच, शुद्ध इंदुरीत, "भिया, ये दीवार भी गिराएगा तू?"

"दीवार में क्या रखा है यार, पुरानी है, गंदी—"

"गंदी? गंदी किसको बोल रिया है? जीभ लगा के देख ले, जीभ! थाली से साफ है! इसको हाथ लगाया न, तो तेरी जेसीबी को इसी घाट से नीचे धकेल दूँगा!"

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या चुलीकडे तोंड करून पोळी उलटत होत्या. पाठ हलत होती. रडतायत की काय म्हणून मी वाकून बघितलं. बाई हसत होत्या! तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की शर्त लावताना 'हातानं' हा शब्द त्यांनी एवढा ठासून का म्हटला होता.

विपुल समजूतदार निघाला. आणखी दोन पोळ्या खाल्ल्या, आंटीजींच्या पाया पडला आणि बूट झटकत गेला. शर्तीचं नाव परत कुणी काढलं नाही. समीर ताडपत्रीची दोरी आवळत म्हणाला, "पुढच्या रविवारी हे पण करून टाकू. कवेलू मी शोधतो." झालं. मीटिंग संपली.

परत निघायची वेळ झाली. सामान मोटारीत गेलं. अरविंदराव पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, मग पट्टा काढून खाली उतरले, आत जाऊन बायकोला काहीतरी सांगून आले, परत बसले. मी विचारलं, "काय हो?" तर म्हणाले, "शनिवारी येतो म्हटलं. कचोरी घेऊन. इथं दोन दिवस टिकते, मी करून बघितलंय." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. नवरा-बायको इतकी वर्षं एका घरात राहिलेले, मी पण मान दुसरीकडे वळवली.

विहीणबाई बाहेर आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. लाकडी गजांची, छातीएवढी खिडकी, आत त्या, बाहेर आम्ही. हाताचे कोपर चौकटीवर टेकलेले, चेहऱ्यावर ऊन. इतका आराम त्या चेहऱ्यावर मी फ्लॅटमध्ये कधी बघितला नव्हता. समीर सगळ्यांना बसवून त्या खिडकीपाशी गेला. एवढा मोठा इंजिनीअर, शाळेत सोडलेल्या पोरासारखा गज धरून उभा राहिला. घसा खाकरला आणि विचारलं, "आई, मग परत घरी कधी येणार?"

विहीणबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "येणारी, बाजूच्या खिडकीत विचार. आणि जाताना फाटक ओढून घे, वानरं आत येतात."